तडा कोणी पाडला?

मित्रांनो, मी एक जुना टाइल कटर आहे. दोन लोखंडी दांडे, त्यांवरून सरकणारी मूठ आणि तिच्या खाली बटणाएवढं धारदार चाक, एवढाच माझा संसार. चाकाने रेघ ओढायची, मूठ दाबायची, की कट्! टाइलचे सरळ दोन तुकडे. वीस वर्षांपूर्वी कारखान्यातून निघालो तो थेट मिस्त्रींच्या हाती पडलो. ते कौतुकाने म्हणत, "याची रेघ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!"

मग ते स्वयंपाकघर आलं. ओट्यामागच्या भिंतीला निळ्या टाइल लावायच्या होत्या. पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी नवं खोकं उघडलं आणि टाइल वेड्यावाकड्या फुटू लागल्या. घरच्या काकू दारातच ठाण मांडून उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, मुद्दाम फोडताय की काय? हा रंग आता दुकानात मिळत नाही हं!"

मिस्त्रींचे कान लाल झाले. त्यांनी माझं चाक निरखलं. "हाच दगा देतोय. म्हातारा झाला."

चोर सोडून संन्याशाला फाशी! पण खरं सांगतो, मलाही त्यांच्या हाताचा संशय आला. थरथरतोय की काय?

मला कोपऱ्यात सारून त्यांनी विजेचं मशीन आणलं. तरी टाइल फुटलीच. मग मिस्त्रींनी कालची उरलेली टाइल बोटाने वाजवली. टण्ण! नव्या खोक्यातली वाजवली. बद्द.

"काकू, हे खोकं कुठेतरी आपटलंय. आतून तडे गेलेत."

काकूंनी मान वळवली. बाहेर काका पेपरात तोंड खुपसून बसले होते.

"अहो?"

"जिन्यात हातून सुटलं," काका पुटपुटले. "वरून धड दिसत होतं, म्हणून..."

"म्हणून मला त्यांच्यावर आळ घेऊ दिलात?" काकू मिस्त्रींकडे वळल्या. "चुकलं माझं."

उरलेल्या भिंतीला पांढऱ्या टाइल आणल्या. मिस्त्रींनी मला पुसलं, दांड्यांना दोन थेंब तेल दिलं आणि मशीन गुंडाळून ठेवलं. संध्याकाळपर्यंत आमची एकही रेघ चुकली नाही.

मित्रांनो, जुनी हत्यारं पुसून, तेल देऊन ठेवा. आणि काही फुटलं, तर आधी मुक्यावर बोट रोखू नका. मीही रोखलं होतं, मनातल्या मनात, वीस वर्षं मला सांभाळणाऱ्या हातावर.