पाचवा पोशाख

"हात खाली कर, पोरी. कोंबडीसारखे पंख काय पसरून उभी राहिलीस?" तोंडात टाचण्या धरून लल्ला तामू म्हणाली आणि पांढऱ्या पोशाखाची पाठीमागची दोरी तिनं तिसऱ्यांदा सोडली. गाठ काही नीट बसत नव्हती.

"लोक काय म्हणतील, लल्ला?" नवरीची आई फातना दारातूनच कुजबुजली. "देशभर तीन दिवसांचा दुखवटा आहे. रेडिओवर नुसतं कुराणपठण. आपल्या संघाची मॅचसुद्धा पुढे ढकलली, आणि माझी मुलगी नटून निघाली!"

"नटून कुठं? काजळ नाही, पैंजण नाही. आणि मॅच पुढे ढकलता येते, फातना. नवरी अर्धीच ठेवता येत नाही."

माराकेशच्या या भागात एकतीस वर्षं लल्ला तामू, म्हणजे तामूबाई, नवऱ्या सजवत आली होती. पोशाख तिचे, दागिने तिचे, नवरीचं कौतुक गाणारा गळाही तिचाच. नवरीनं नजर खाली ठेवून गप्प बसायचं. एकामागून एक पाच पोशाख बदलायचे, आणि शेवटचा पांढरा घालून सासरी निघायचं. या नवरीचा, इब्तिसामचा, चौथा उतरला होता, पाचवा चढायचा होता, तेवढ्यात शुक्रवारी रात्री धरणी हलली. मांडव रस्त्यात होता म्हणून कोणाला खरचटलंही नाही. पण वर डोंगरातली गावंच्या गावं बसली. आकडा रोज सकाळी वाढत होता. गल्लीतली सगळी लग्नं थांबली, सिनेमा बंद झाला, वाजंत्री लोकांनी ढोल गवसणीत घातले. इब्तिसामचा निकाह कागदावर झाला होता, पण गल्लीत कागद कोण मोजतो? ती ना माहेरची राहिली, ना सासरची झाली.

तेव्हापासून तामूच्या पायाला ठिकाण नव्हतं. तिचा धंदाच असा, की नवरी पलीकडच्या दारात सोपवेपर्यंत काम संपत नाही. तिनं उतरलेले चार पोशाख घडी घातले, मोडले, पुन्हा घातले. चहा ओतला नि प्यायची विसरली. रस्त्यावर ट्रक आला की दाराशी धावली. बावीस वर्षं तिच्या हाताखाली असलेली इत्तो नेमकी या लग्नाला रजा घेऊन गावी गेली होती, डोंगरात, अक्रोड उतरवायला. रविवारी शेजारचा एक जण वर घोंगड्या पोचवून परतला. त्यानं तामूला बाजूला घेऊन सांगितलं. तामू "बरं" म्हणाली, आत गेली आणि पांढऱ्या पोशाखाला इस्त्री करत बसली. त्याला इस्त्रीची काही गरज नव्हती.

आज सकाळी भट्टीवर पाव भाजायला गेली तर बायका बोलतच होत्या. इब्तिसामची सासू, हज्जा रकिया, म्हणाली होती, "चाळीस दिवस जाऊ देत, मग बघू. पोरगी पांढऱ्या पायाची निघाली." त्यातलं 'बघू' तामूला चांगलं कळलं. अशा 'बघू'त वर्षं गेलेल्या दोन मुली तिच्या ओळखीच्या होत्या. भाजायचे पाव तिथंच टाकून ती थेट नवरीच्या घरी आली होती.

"सासरच्या बायका हाकलून देतील का आपल्याला?" इब्तिसामनं विचारलं.

"मला आजवर कोणी हाकललेलं नाही. आज हाकललं तर नवा अनुभव. चल."

एरवी नवरी चौघांच्या खांद्यावरच्या पालखीतून जाते, पुढे वाजंत्री, मागे मेणबत्त्या. आज भर दुपारी नवरी चालत होती, सोबत दोन बायका नि एक बोचकं. चहाच्या दुकानातली माणसं पाहून उठून उभी राहिली, मग काय करावं ते न कळून तशीच राहिली. ओळखीचा एक ढोलवाला पायरीवर बसला होता. त्याचा हात सवयीनं ढोलाकडे गेला, गवसणीवर थांबला.

हज्जाच्या घराला तडे गेले होते. सगळं कुटुंब गल्लीमागच्या फुटबॉलच्या मैदानात, निळ्या ताडपत्रीखाली राहत होतं. इब्तिसामचा नवरा अय्यूब तिथल्याच क्लबाचा गोलरक्षक. शनिवारी सकाळी तो संघातल्या पोरांसोबत ट्रक घेऊन डोंगरात गेला होता. त्याच्या गोलवर आता गोधड्या वाळत होत्या.

हज्जा कांदे सोलत होती. मान वर करून तिनं पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"लाज नाही वाटली, तामू? मयताच्या दिवसांत मिरवणूक?"

"मिरवणूक कसली? तीन बायका आलोय. तुझी सून घे, मला मोकळी कर."

"चाळीस दिवस म्हणाले ना मी! हिचा पोशाख बदलायचा नि धरणी हलायची, एकच गाठ पडली? असा पायगुण घरात घेऊ?"

आजूबाजूच्या ताडपत्र्यांतून बायका डोकावल्या. अशा वेळी नवरीचे गुण गायचे, आवाज चढवायचा, हे तामूच्या रक्तात होतं. तिनं तोंड उघडलं. गाणं आलंच नाही.

"माझी इत्तो गेली," ती म्हणाली. "तिचं सगळं गाव गेलं. तिथं त्या रात्री लग्न नव्हतं गं, हज्जा. तिथं कोणाचा पायगुण होता, सांग मला."

हज्जानं मनगटानं डोळे पुसले. कांद्याचंही निमित्त होतं.

"तीन दिवस झाले, अय्यूब फोन घेत नाही," ती एकदम म्हणाली. आवाज पार लहान झाला होता. "कोणावर तरी राग काढायचा ना माणसानं?"

"आई." इब्तिसाम तिथं पहिल्यांदाच बोलली, आणि तेही मान वर करून. "माझाही घेत नाही. वर रेंज नाही म्हणतात. दोघी मिळून लावू."

हज्जानं तिच्याकडे पाहिलं. पांढऱ्या पोशाखाची खालची किनार धुळीनं लाल झाली होती. मग हज्जा गुडघ्यांवर हात टेकून उठली. ताडपत्रीखाली उंबरठा नव्हताच. सतरंजीच्या कडेला घरच्यांच्या चपलांची ओळ तेवढी होती. ती वाकली, एकेक जोड बाजूला सारत गेली, आणि अय्यूबच्या खिळ्यांच्या बुटांशेजारी एका जोडापुरती जागा केली.