बास्केटखालची जागा

टॉबिन सोलबर्ग सात फूट उंच होता आणि त्याला त्याचा संकोच वाटत असे. मिनेसोटातल्या लहानशा गावातला पोरगा. शाळेत असताना खेळता खेळता त्याचा धक्का लागून मामेभावाच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. तेव्हापासून घरी, शाळेत, चर्चमध्ये जो तो त्याला बजावायचा, "जपून रे बाबा, तू मोठा आहेस." तो इतका जपून वागायला लागला की दारातून जातानाही अंग चोरायचा.

ओहायोतल्या हॅलोवे कॉलेजने त्याला बास्केटबॉलची शिष्यवृत्ती दिली, ती निव्वळ उंची बघून. पहिल्या वर्षी सामने खेळायचे नाहीत, फक्त शिकायचं आणि अंग भरायचं, असं ठरलं. त्याला लूशस पेटवेंच्या हवाली करण्यात आलं.

पेटवे स्वतः तरुणपणी बास्केटखाली खेळलेले. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पण आवाज अख्ख्या जिममध्ये घुमायचा. उंच पोरं घडवणं हेच त्यांचं काम. पहिल्याच दिवशी त्यांनी टॉबिनच्या हातातून चेंडू काढून घेतला.

"हा नंतर. आधी पाय."

एका पायावर वळायचं, मग दुसऱ्या. पुन्हा तेच. मग रिंगच्या अगदी खाली उभं राहून एकदा उजव्या, एकदा डाव्या हाताने चेंडू टाकायचा, खाली पडू द्यायचा नाही. वजनं उचलायची. अंडी, दूध, पीनट बटरची सँडविचेस, नको नको होईपर्यंत खायची. हे सगळं टॉबिनला जमलं. जमेना ते एकच. पेटवे फोमची जाड गादी घेऊन त्याला दणके द्यायचे आणि त्याने न हलता चेंडू रिंगमध्ये टाकायचा.

"सॉरी, कोच," दणका बसला की टॉबिन म्हणायचा.

"अरे, मारलं मी आणि सॉरी तू म्हणतोस?"

संघाचा सेंटर, म्हणजे बास्केटखालची जागा लढवणारा, होता मार्क्वेल ओक्स. टॉबिनपेक्षा वीतभर बुटका, पण खांदे कपाटासारखे. टॉबिनला आपल्या जागेसाठी आणलंय हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. सरावात तो कमरेच्या एका धक्क्याने टॉबिनला बाहेर ढकलायचा.

"ही जागा माझी आहे, झाडा. तू तिकडे उभा राहून सावली दे."

पोरं खिदळायची. टॉबिनही कसनुसा हसायचा.

दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सरावाच्या वेळी टॉबिनला पाठीमागे मार्क्वेल असताना चेंडू मिळाला आणि त्याचे पाय आपसूक वळले. अगदी शिकवल्यासारखे. पण कोपर वर राहिलं. ते थेट मार्क्वेलच्या तोंडावर बसलं. रक्त आलं, पुढचा दात अर्धा तुटला.

त्यानंतर टॉबिन खेळत होता, पण हात बांधल्यासारखा. कुणी जवळ आलं की हा मागे सरकायचा. शेवटी तो पेटवेंकडे गेला.

"कोच, मी घरी जातो. हे माझ्याने होणार नाही."

"मला काय सांगतोस?" पेटवे म्हणाले. " ज्याचा दात गेला त्याला जाऊन सांग."

मार्क्वेल आपल्या खोलीत कुस्करलेले बटाटे खात बसला होता. टॉबिनचं सगळं बोलणं त्याने ऐकून घेतलं.

"झालं तुझं?" तो म्हणाला. "दात कशाने गेला माहितीये? तू जोर लावलास म्हणून नाही. कोपर बाहेर काढलंस म्हणून. आत ठेवलं असतंस तर मी उताणा पडलो असतो आणि दात शाबूत राहिला असता."

"पण तुला लागलं ना..."

"लागलं तर लागलं! माझं शेवटचं वर्ष आहे, लेका. मार्चमधल्या देशभरच्या कॉलेजांच्या स्पर्धेत मला एकदा तरी खेळायचंय, आणि मी एकटा तिथवर पोचत नाही. तू लागशील. ऊठ, तो पलंग सरकव."

आणि त्या अडचणीच्या खोलीत, टेबलाला धडका देत, मार्क्वेलने त्याला पाठीवर माणूस कसा तोलायचा ते दाखवलं. "मला ढकलू नकोस. माझ्यावर बस. खुर्चीवर बसतात तसा. हां! आता मी कुठे जाणार?" शेजारचा पोरगा भिंत बडवून ओरडला. मार्क्वेल तेवढ्याच जोरात ओरडला, "अभ्यास चाललाय!"

जानेवारीतल्या एका अटीतटीच्या सामन्यात मार्क्वेलचे पाच फाउल भरले आणि नियमाप्रमाणे त्याला बाहेर बसावं लागलं. टॉबिन आत गेला. समोरचा सेंटर नुसता रानरेडा. पहिलाच चेंडू त्याने टॉबिनच्या हातातून हिसकावला. दुसऱ्या वेळी टॉबिनने पाय रोवले, गुडघे वाकवले आणि त्याच्यावर चक्क बसला. मागून धाप लागल्याचा आवाज आला. रेटा वाढला, पण टॉबिन हलला नाही.

"इकडे!" तो ओरडला. चेंडू आला. तो वळला, कोपर बरगडीला चिकटवून, आणि चेंडू रिंगमध्ये गेला. बाकावर टॉवेल गरागरा फिरवत मार्क्वेल उड्या मारत होता.

पुढे पेटवेंनी दोघांना एकत्र खेळवायला सुरुवात केली. टॉबिन आत, मार्क्वेल जरा बाहेर. मार्क्वेलला ते सुरुवातीला आवडलं नाही, बडबड बरीच केली, पण लांबून टाकलेले त्याचे चेंडू रिंगमध्ये पडायला लागले तसा तो निवळला. हॅलोवे मार्चच्या स्पर्धेत पोचलं. पहिल्याच सामन्यात हरलं, तेही चांगलंच. टॉबिनचे तर अर्ध्या खेळातच फाउल भरत आले होते.

परतीच्या बसमध्ये मार्क्वेल खिडकीला डोकं टेकून रडला, कुणापासून न लपवता. टॉबिन शेजारी बसून राहिला. पेटवे डुलत डुलत त्यांच्याजवळ आले.

"टॉबिन, डावा हात अजून कच्चा आहे. सोमवारी ये."

"येतो, कोच." टॉबिनने शेजारी बघितलं. "तू येशील?"

"माझी परीक्षा आहे, येड्या," मार्क्वेल नाक पुसत म्हणाला. मग थोड्या वेळाने, "दुपारनंतर येतो."