मोजणीदारीण अजून विहिरीतच

आमचं कॉमिक्सचं दुकान जिन्याखाली आहे. अकरा फूट लांब, सहा फूट रुंद, खिडकी नाही. मी गल्ल्यावर बसले की मागे भिंत, पुढे काउंटर आणि उजव्या हाताला पुठ्ठ्याच्या खोक्यात ठमी, माझी सात महिन्यांची लेक. बाथरूमला जायचं तर आधी खोका उचला, मग काउंटरची फळी उचला, मग शटर अर्धं ओढा. म्हणून मी पाणीच कमी पिते. सासूबाई रागावतात, "अंगावर पाजणारीनं असं कोरडं राहू नये."

दुकान सासऱ्यांचं. ते गेले आणि नवऱ्याची नोकरी दुसऱ्या गावी, म्हणून चार दिवस मी बसते म्हणाले. त्या चार दिवसांना आता दीड वर्ष झालं.

मागच्या भिंतीवर लाकडी कप्पे आहेत, नेहमीच्या गिऱ्हाइकाला एकेक. त्यांनी दोन महिने आधी सांगायचं, आम्ही वितरकाला कळवायचं, आणि अंक आला की ज्याचा त्याच्या कप्प्यात. तीन महिन्यांपूर्वी वितरक बुडाला. त्याच्या गोदामाला आणि छापखान्याला एकाच दिवशी सील लागलं. आमची सगळ्यात खपाची मालिका 'मोजणीदारीण'. पाचव्या अंकाच्या शेवटी त्या जमीन मोजणाऱ्या नायिकेला कोरड्या विहिरीत ढकलून वर लोखंडी झाकण घातलेलं. सहावा अंक छापून तयार, पण गोदामात. म्हणजे ती विहिरीत, तिचा अंक कुलपात आणि मी जिन्याखाली.

नवा वितरक एकच आहे आणि त्याची एकच अट: निदान तीस कप्पे हवेत, वाचकांच्या सह्यांसकट. यादी आज पाचपर्यंत. एक जरी कमी भरला तरी या दुकानात पुन्हा कधी अंक येणार नाही.

सकाळी माझ्याकडे एकतीस होते. दहा वाजता वायरमन आला.

"वहिनी, रागावू नका. माझा कप्पा काढा. तीन महिने नुसता हवाच खातोय तो."

"अहो दादा, अजून थोडं थांबा की."

"थांबायला मी काय बसस्टॉप आहे?" तो हसला, ठमीच्या गालाला बोट लावून निघून गेला.

तीस. आता एकही कमी होऊन चालणार नव्हता. आणि खोटं कशाला बोलू, त्या धास्तीतूनच गार वारंही आलं. अजून एक गेला की सुटले. शटर ओढायचं, ठमीला काखोटीला मारायचं आणि ऊन असेल तिकडे चालायला लागायचं. मग कप्प्यांवर चिकटवलेल्या, सासऱ्यांच्या अक्षरातल्या नावांच्या चिठ्ठ्यांकडे नजर गेली आणि माझीच मला लाज वाटली.

दाताच्या डॉक्टरीणबाईंचा निरोप होता: तीनला येते, कप्प्याचं बोलायचंय. त्याचा अर्थ मला कळत होता. त्यांच्याचसाठी मी एक उपाय करून ठेवला होता. 'मोजणीदारीण' लिहिते आणि काढते ती चित्रकार काकू. तिच्याकडून सहाव्या अंकाची मूळ पानं मागवली होती. छापील अंक नाही तर नाही, वाचकांनी हातानं काढलेली पानं दुकानात उभ्यानं वाचावीत.

दोनला पार्सल आलं. ठमीच्या लंगोटांची दोरी कप्प्यांसमोर आडवी बांधून मी बावीस पानं चिमट्यांनी लावली. मग मागे सरून पाहिलं. चित्रं सुरेख. पण बोलण्याचे सगळे फुगे रिकामे! पांढरेशुभ्र!

काकूला फोन लावला. "काकू, अक्षरं कुठायत?"

"अगं, अक्षरं मी कागदावर कधी लिहिते? ती छापखान्यात, कॉम्प्युटरवर बसवतात."

"मग मजकूर तरी पाठव."

"मजकूर त्याच कॉम्प्युटरमध्ये. सीलच्या आत. मला बाई वाटलं, तुला माहीत असेल."

दीड वर्ष कॉमिक्स विकून मला हे माहीत नव्हतं. तेवढ्यात सासूबाई ठमीचा डबा घेऊन आल्या आणि पाठोपाठ डॉक्टरीणबाई. फोन स्पीकरवरच राहिला.

डॉक्टरीणबाई पहिल्या पानासमोर थबकल्या आणि हसायलाच लागल्या. "माझ्या खुर्चीवर सगळे असेच बोलतात. तोंड उघडं, आवाज नाही! आणि मला सगळं कळतं. ही ओरडतेय. वाचवा, वाचवा."

"छे," मागून सासूबाई म्हणाल्या. माझ्या सासूबाईंनी जन्मात कॉमिक्स उघडलं नव्हतं. नवऱ्याला आयुष्यभर 'पोरखेळ' म्हणून हिणवलं होतं. "ओरडणाऱ्याची बोटं अशी असतात का? एकेक बोट मिटतेय ती. विटा मोजतेय. किती खोल आहे ते काढतेय."

फोनमधून काकू किंचाळली, "कोण आहे तिथे? हे कुणी सांगितलं त्यांना?"

"सांगायला कशाला हवं?" सासूबाई म्हणाल्या. "मोजणीदारीण ना ती? रडून झाल्यावर मोजणारच."

मग तिघींचं सुरू झालं. दोरीवरून पानापानानं सरकत डॉक्टरीणबाई एक म्हणायच्या, सासूबाई खोडून काढायच्या, आणि काकू फोनवरून "बरोबर!" नाहीतर "अजिबात नाही!" मी ठमीला मांडीवर घेऊन ऐकत होते. विटांच्या फटीत बोटं रोवत मोजणीदारीण वर चढत होती. बाविसाव्या पानावर तिचं डोकं झाकणाला टेकलं. झाकण तसंच बंद.

"पुढे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पुढचं सातव्यात," काकू म्हणाली.

"आणि सातवा कधी?"

ते काकूला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पर्स खांद्याला लावली. "नाही हो. इथवर आणून पुन्हा टांगून ठेवायचं? माझ्या जिवाला नको हा घोर. कप्पा काढा माझा." जाताना त्यांनी ठमीच्या पायाची पापी घेतली.

एकोणतीस. साडेचार झाले होते. काकूनं "बघू गं पोरी" म्हणत फोन ठेवला. मी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी सोलून काढली. हात हलका झाला होता. सासूबाईंना म्हटलं, "संपलं, आई."

त्या बाविसाव्या पानासमोरच उभ्या होत्या. "ती निघते की नाही बाहेर?"

"कुणास ठाऊक."

"मग मला कळायला नको? यादी आण इकडे. माझं नाव घाल."

"आई, तुम्ही घरच्याच."

"घरचं माणूस चालत नाही असं कुठे लिहिलंय?" पदराला हात पुसून त्यांनी सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर कदाचित त्यांनी पेन खाली ठेवलं असतं.

मी यादीचा फोटो काढला. ठमी पदर ओढत होती, तिला पाजायला घेतलं आणि मोकळ्या हातानं फोटो पाठवला. पाचला दहा मिनिटं कमी असताना उत्तर आलं: तीस कप्पे मंजूर, करार तीन वर्षांचा, दुकान आठवड्यातून सहा दिवस उघडं हवं.

"काय म्हणतोय?" सासूबाईंनी विचारलं.

"हो म्हणतोय."

"मग पहिला अंक दे. मधूनच कुठे वाचू?" त्या उंबऱ्यात स्टूल ओढून बसल्या. आत येणारा तेवढा उजेड त्यांच्या पाठीनं अडला. मी दिवा लावला.