हिलाल पाटलांचे देवक

माझ्या नातीची ठरलेली सोयरीक मोडायला हिलाल पाटील आले, तेव्हा त्यांच्या हातात एक कागद होता आणि आमच्या घरचे पाणी घ्यायची त्यांची तयारी नव्हती. आमच्या लोकांत मोडायला आलेला माणूस पाणी घेत नाही. सुनेने आणलेला तांब्या त्यांनी हातानेच दूर सारला, तेव्हा पुढचे सारे मला कळले. तांब्या तिथेच खाली ठेवायला सांगून मी म्हटले, "बोला, आप्पा."

हे हिलाल पाटील भेस्तानला राहणारे. मूळचे आमच्याच अमळनेरकडचे. सुरतेत येऊन लूमच्या कारखान्यात मुकादम झाले आणि मुकादम झाल्यापासून जमिनीकडे पाहून चालायचे विसरले. त्यांचा कुंदन एका डाइंग मिलच्या ऑफिसात बसतो. आमची जयश्री बी.कॉम. झालेली. मुलगा तिने पाहिला होता, बोलली होती, आणि मी विचारले तेव्हा खाली मान घालून नव्हे, माझ्याकडे पाहून 'आवडला' म्हणाली होती. साखरपुडा झाला होता. लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, वैशाखात.

"मोठीमाय, राग मानू नका," पाटील म्हणाले. "तुमचं-आमचं देवक एकच निघालं."

"निघालं? कुठून निघालं? विहिरीतून?"

"इंटरनेटवरून."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक कुळाचे एक देवक असते, बहुधा एखादे झाड. लग्नाआधी त्याच्या डहाळ्या आणून मांडवात पुजतात. ज्यांचे देवक एक, ती भावंडे. त्यांच्यात लग्न होत नाही. आमचे देवक कळंब, पाटलांचे पळस. सुरतेच्या लिंबायतीत वस्तीला आलेल्या आमच्या लोकांत सोयरीक जुळवायची झाली की हा प्रश्न माझ्या ओट्यावर येतो. मी दिलेल्या उत्तराची कोणी दुसरीकडे जाऊन खात्री करून घेतल्याचे मला आठवत नाही.

पाटलांनी कागद माझा मुलगा सखाराम याच्यापुढे धरला. समाजातल्या अमेरिकेत गेलेल्या कोणा होतकरूने इंटरनेटवर समाजाचे एक पान उघडले होते. त्यात कुळे, गावे, कुलदैवते, देवके. शब्द मराठी आणि अक्षरे इंग्रजी, म्हणजे वाचणाऱ्याने आधी जीभ वाकडी करायची आणि मग अर्थ शोधायचा. सखारामने जीभ वाकडी केली. आमच्या कुळापुढे पळस लिहिले होते.

"माय, हाई काय शे?" तो मला म्हणाला. घाबरला की तो अहिराणीवर येतो. छापलेला कागद पाहिला की त्याचा कणा मऊ होतो. शाळेपासूनची खोड आहे.

"चूक आहे," मी म्हटले. "आप्पा, साखरपुड्याला तुम्ही इथेच जेवलात. कशावर जेवलात?"

"केळीच्या पानावर."

"आणि आम्ही?"

पाटलांनी आठवून पाहिले. "पत्रावळीवर."

"पळसाच्या पत्रावळीवर. तुमच्यासाठी केळीची पानं सखारामने बाजार पालथा घालून आणली. कशासाठी आणली असतील?"

"आम्हाला वाटलं, मुलाकडच्यांचा मान."

मला हसू आले आणि ते मी लपवले नाही. ज्या झाडाचे देवक, त्याच्या पानावर ते कूळ जेवत नाही, त्याचे लाकूड चुलीत घालत नाही. एवढी गोष्ट आमच्याकडे पोरींना भाकरी थापायच्या आधी कळते. आणि हे गृहस्थ देवकासाठी माझ्या नातीची सोयरीक मोडायला निघाले होते.

"आमचं देवक पळस असतं, तर पंगतीत तुमच्यासमोर आम्ही त्यावर वरण-बट्टी वाढून घेतली असती?"

"ते जुनं झालं, मोठीमाय." पाटलांनी कागदावर बोट ठेवले. "हे सगळं जग बघतं. खोटं असतं तर आतापर्यंत कुणीतरी बदललं असतं. एवढी शिकलेली माणसं आहेत त्यात."

"कोण माणसं? नाव सांगा. कुठल्या गावची? कुणाची सून, कुणाचा जावई?"

"तसं नाव नसतं इंटरनेटवर."

"मग शिव्या कुणाला द्यायच्या?"

पाटील उठले. दारात जाऊन म्हणाले, "उद्या भावबंदांत विषय निघाला, की यांनी देवक लपवलं, तर आम्ही काय तोंड दाखवू? तुम्हीच विचार करा."

म्हणजे माझ्या घरातली मुलगी नाकारायची, आणि वर आम्ही लबाड, हे भावबंदांत पोचवायची तयारीही त्यांनी ठेवली होती. असे एकदा पसरले की खानदेशापासून सुरतेपर्यंत जयश्रीला स्थळ मिळणार नाही. देवक लपवणाऱ्या घरात कोण पाऊल ठेवील?

सखाराम म्हणाला, "माय, कुणीतरी जळकुकड्यानं केलं असणार. शोध घेऊ?"

"कशाचा शोध? चोराला निदान तोंड असतं. याला तेही नाही."

तेव्हा आतल्या दारात उभी असलेली जयश्री बोलली. उधन्याच्या रस्त्यावर मगनभाईंचा कॉम्प्युटर क्लास आहे. तिथे ती हिशेबाचे काम शिकत होती. तिचा आवाज कोरडा होता. "मोठीमाय, ते पान कोणीही बदलू शकतं. खाली बटण आहे. दाबायचं, लिहायचं, झालं."

"कोणीही म्हणजे? समाजाचा अध्यक्ष?"

"कोणीही. मी. तुम्ही. रस्त्यावरचा रिक्षावाला."

"आणि लिहिलेलं तपासतं कोण?"

"कोणी नाही."

"पूर्वी काय होतं, ते दिसतं?"

"नाही. नवीन लिहिलं की जुनं गेलं."

मी आयुष्यात पुष्कळ खोटारडी माणसे पाहिली आहेत, पण त्यांना निदान काल काय बोललो ते आठवावे लागे. इथे तेवढाही त्रास कोणी घेत नव्हता. सखाराम म्हणाला, आपणच आत्ता जाऊन दुरुस्त करू, म्हणजे प्रश्न मिटला. मी त्याला गप्प बसवले. आपले खरे देवक त्या पानाकडून मागून घ्यायला मी भिकारी नव्हते. मी पाटलांना निरोप धाडला: रविवारी दुपारी मगनभाईंच्या क्लासवर यावे, मुलालाही आणावे, तुमचे पान मला तुमच्यासोबत पाहायचे आहे.

ते आले. येणारच होते. त्यांना वाटले, म्हातारी यंत्र पाहील आणि हात जोडील.

मगनभाईंनी माझ्यासाठी हातांची खुर्ची आणली. "बेसो बा, बेसो." मी बसले. जयश्री कॉम्प्युटरपुढे बसली, पाटील तिच्या मागे उभे राहिले आणि कुंदन भिंतीला टेकून. टेलिफोनच्या तारेतून ते यंत्र बराच वेळ घसा खाकरत राहिले, मग पान हळूहळू वरून खाली उतरले.

"हे बघा," पाटील म्हणाले. "काळ्यावर पांढरं."

"पांढऱ्यावर काळं," मी म्हटले. "नीट पाहा तरी. जयश्री, यात आप्पांचं कूळ कुठे आहे?"

तिने दाखवले. पाटलांचे गाव, कूळ, देवक पळस. सगळे बरोबर होते.

"तिथे लिही, देवक: विजेचा खांब."

जयश्रीने वळून माझ्याकडे पाहिले. तिला वाटले असावे, मी थट्टा करते आहे. मी थट्टा करीत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. तिने लिहिले, बटण दाबले. यंत्राने पुन्हा विचार केला आणि पान नव्याने आले. पाटलांच्या कुळापुढे विजेचा खांब उभा होता.

भिंतीपाशी कुंदन फस्सकन हसला. बापाने पाहिले, तसा गप्प झाला.

"हे काय, मोठीमाय!" पाटलांचा चेहरा लाल झाला. "पुसा ते! आत्ताच्या आत्ता पुसा!"

"का बरं? इंटरनेटवर आहे."

"लोक बघतील ना!"

"बघू देत. खोटं असेल तर कुणीतरी बदलेलच. एवढी शिकलेली माणसं आहेत त्यात." मी पदर सावरला. "तुमच्या घरी मांडव घातला की पाच डहाळ्या आणायला वीज मंडळात जा. अर्ज करावा लागेल. पण एक सोय झाली, आप्पा. आता तुम्ही कुठल्याही पत्रावळीवर जेवा."

मगनभाईंना मराठी पुरते समजत नव्हते, पण ते तोंड फिरवून खिडकीचा पडदा सारखा करू लागले.

पाटील खुर्ची ओढून बसले. मुकादमाची ऐट गेल्यावर तो माणूस किती लहान होता, ते तेव्हा दिसले. "मला कुणी दाखवलं नाही हे," ते म्हणाले. "मला वाटलं, छापून येतं म्हणजे कुणीतरी पाहूनच..."

"कोणी?"

ते कॉम्प्युटरकडे पाहू लागले.

"आप्पा, मी चुकीचं देवक सांगितलं तर लोक माझ्या ओट्यावर येऊन माझ्या तोंडावर थुंकतील. मी कुठे राहते ते ठाऊक आहे, माझी माणसं ठाऊक आहेत. म्हणून मी सांगण्याआधी चारदा विचार करते. तुम्ही ज्याच्यावर विसंबून माझ्या दारातलं पाणी नाकारलंत, त्याला तोंड नाही, ओटा नाही, आणि उद्या सकाळी तो आपलंच बोलणं ओळखणार नाही. अशाची बरोबरी तुम्ही माझ्याशी केलीत."

"चुकलं," पाटील म्हणाले. "झालं-गेलं सोडा, मोठीमाय. तारीख तीच ठेवू. भावबंदांत मी कुणाला काही बोललो नाही अजून. वैशाखात धूमधडाक्यात लग्न करू."

मी जिंकले होते, हे उघड होते. 'ठीक आहे' हे शब्द माझ्या ओठांवर आलेही होते. आखाजी तोंडावर आली होती, वैशाख दूर नव्हता, आणि मुलीला मुलगा आवडला होता. मूर्ख सासरे पुष्कळ घरांत असतात. सुना त्यांना सांभाळून घेतात.

तेवढ्यात जयश्रीने पाटलांचे देवक पुन्हा पळस केले, मग आमचे कळंब केले, आणि खुर्ची फिरवून कुंदनकडे तोंड केले.

"तुम्ही हे पान कधी पाहिलंत?"

कुंदन सरळ उभा राहिला. "मीच पाहिलं ना पहिल्यांदा. मिलच्या ऑफिसात नवीन कनेक्शन आलं, तर सहज... मग पप्पांना छापून दिलं."

"खाली बटण आहे, ते दिसलं नाही?"

"दिसलं. बदलता येतं, माहीत होतं."

हे ऐकून पाटीलसुद्धा मुलाकडे पाहू लागले.

"माहीत होतं," जयश्री म्हणाली. "आमच्या शेजाऱ्यांकडे फोन आहे, नंबर तुमच्याकडे आहे. साखरपुड्यानंतर तुम्ही दोनदा केलात. मला एकदा विचारावंसं वाटलं नाही, की तुमचं देवक काय?"

"अरे यार, तसं नाही ना." तो घाबरला की गुजराती-हिंदीत घसरतो, हे मला त्या दिवशी कळले. "तू तो बोलेगीच ना, की कळंब आहे. तू तर घरचीच. म्हटलं, बाहेरचं असेल ते खरं असेल."

"तू तर घरचीच," जयश्रीने त्याचे शब्द सावकाश परत उच्चारले. मग ती उठली, पर्स खांद्याला लावली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "मोठीमाय, चला. मला हे घर नको."

पाटील धडपडत उठले. "पोरी, असं नाही बोलायचं. मोठीमाय, तुम्ही समजवा तिला. तुमचा शब्द ती मोडायची नाही."

माझा शब्द आमच्या घरात कोणी मोडत नाही, हे खरे. मी एक शब्द उच्चारला असता, तर ती मुकाट्याने वैशाखात त्यांच्या मांडवात बसली असती. मी कुंदनकडे नीट पाहिले. अंगावर चांगला शर्ट होता, केस नीट विंचरलेले, आणि आपण काय बोलून गेलो याचा चेहऱ्यावर पत्ता नव्हता. उद्या कोणी त्या पानावर लिहिले, की जयश्रीला फिट येते, तर हा आधी ते छापून काढील आणि मग रात्री तिच्या शेजारी झोपायला घाबरेल.

"मुलीनं सांगितलं ते तुम्ही ऐकलंत," मी पाटलांना म्हटले. "तिचाच शब्द आहे. मला त्यात बदल करता येत नाही."

रिक्षात जयश्री बाहेर पाहत राहिली. उधन्याचे कारखाने मागे गेले, लिंबायतीचा नाका आला, तेव्हा तिने विचारले, "रागावलात?"

"रडायचं असेल तर घर येण्याआधी रडून घे," मी म्हटले. "दारात तुझा बाप उभा असेल. तो तुझ्याआधी रडेल, आणि मग त्याला आवरायला मला वेळ नाही."

ती थोडे रडली, थोडे हसली. मुलगा तिला आवडला होता, ही गोष्ट खोटी नव्हती, आणि ती पुसायला कुठे बटण नव्हते.

सखाराम खरोखरच दारात होता. "मोडली?" त्याने विचारले.

"आपण मोडली. उद्या सगळ्यांना हेच सांगायचं."

आखाजीला आमच्या गल्लीत लिंबाला झोका बांधतात. माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर गात होत्या आणि त्यांच्या आया एकेक करून माझ्या ओट्याशी येऊन बसत होत्या. पाटलांनी आपल्या बाजूने काय पसरवले होते, ते या बायांच्या चेहऱ्यांवरून कळतच होते. मी जयश्रीलाही आत पाठवले नाही. जी विचारील तिला सगळे सांगितले: कागद, पत्रावळ, विजेचा खांब आणि मुलाचे उत्तर. जयश्री माझ्या शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी काही विसरले तर ती आठवण करून देत होती.

शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या मालतीबाई आल्या. त्यांना सगळे ऐकूनही चैन पडेना.

"ते सगळं खरं, मोठीमाय," त्या म्हणाल्या. "पण त्या पानावर आता काय लिहिलंय?"

"जाऊन पाहा," मी म्हटले. "आणि संध्याकाळपर्यंत टिकलं, तर मला येऊन सांगा."