विहिरीतले छत्तीस फोटो

मी एक कॅमेरा आहे, पण लग्नमुंजीतला नव्हे. मला पाण्याखाली फोटो काढायला बनवलं होतं. अंग जाड, रंग काळा आणि प्रत्येक सांध्यात रबराची कडी. त्या कड्यांना ग्रीस लावलं की पाण्याचा थेंब आत शिरत नसे. माझ्यातून बघून समोरचं स्पष्ट आहे की धूसर, ते मात्र कळत नाही. वस्तू किती हात लांब आहे याचा अंदाज माणसाने करायचा आणि तेवढ्या आकड्यावर भिंग फिरवायचं. अंदाज चुकला की फोटो बिघडतो आणि बोल मला लागतो.

माझी पहिली दहा वर्षं आखातातल्या एका बंदरात गेली. जहाजाच्या तळाला कुठे चीर गेली आहे का, ते पाणबुडे माझ्याकडून बघून घेत. तिथेच यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीचे मोहिउद्दीनभाई पाण्याखाली वेल्डिंग करत. काम संपलं की ते मला घेऊन मासे टिपत बसायचे. माझा मालक घरी परतताना मला त्यांच्या हातात देऊन गेला. पुढे खोल पाण्यात भाईंच्या उजव्या कानाचा पडदा फाटला. डॉक्टरांनी डोकं पाण्याखाली न्यायला कायमची मनाई केली. मला आणि पाण्याखाली बघायचा काचेचा चष्मा बॅगेत घालून ते जिल्ह्यात परतले, आणि बाभुळगावच्या स्टँडमागे त्यांनी बायकोच्या नावाने ‘सईदा फोटो स्टुडिओ’ काढला.

स्टुडिओत दुसरे कॅमेरे होते. मला बाहेरगावची कामं मिळत, कारण धुळीने मला काही होत नसे. एसटीने आणि सायकलने मी राळेगावपासून उमरखेडपर्यंत हिंडलो. लग्नात लोक म्हणत, “भाई, हा रेडिओ कायले आणला?” भाई हसत आणि फोटो काढत. उन्हाळ्यात ते मुलीला, नुजहतला, बेंबळा नदीच्या डोहावर पोहायला शिकवत आणि काठावरून ओरडून सांगत की कॅमेरा कसा धरायचा. तिने काढलेला एका मरळ माशाचा फोटो त्यांनी मोठा करून स्टुडिओत टांगला. तो आपल्याच नदीतला आहे यावर गिऱ्हाइकांचा विश्वास बसत नसे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. स्टुडिओत पासपोर्ट साइज फोटोंची गर्दी वाढली. पोरं कामासाठी पुण्याकडे, सुरतेकडे निघाली होती. जुने फोटो मोठे करून, चौकटीत बसवून न्यायलाही लोक येत. पूर्वी असे फोटो म्हाताऱ्यांचे असत. आता ते तरुणांचे असत. नुजहत अंधाऱ्या खोलीत ते धुवायची.

२००५ साली होळीनंतर नंदाबाई आल्या. दोन कोसांवरच्या एका गावात त्या शाळेची खिचडी शिजवत. त्यांना हजेरीच्या कागदासाठी फोटो हवा होता. फोटो झाल्यावर त्या मरळ माशापाशी थांबल्या.

“भाई, पाण्यातला फोटू खरंच निंगते काय?”

“निंगते ना. काहून?”

“मंग आमच्या शाळेच्या विहिरीचा काढून द्या.”

विहीर शाळेच्या आवारातच होती. आदल्या वर्षी तिचं दगडी बांधकाम झालं होतं, थेट तळापर्यंत, असं ठेकेदार सांगत होता. पण बादलीत पांढरी माती येत होती, आणि मधूनच पाण्याखालून धप्प आवाज व्हायचा. नंदाबाईंनी गावात सांगितलं, मास्तरांना सांगितलं. पाण्याखाली बघणार कोण?

“सव्वाशे पोरं हायेत, भाई,” त्या म्हणाल्या. “जेवन झालं का सगळे त्या काठावर हात धुतेत. मले घास जात नाई.”

भाईंना उतरता येणार नव्हतं. सगळ्या गावासमोर मुलीला विहिरीत उतरवणंही त्यांना जड जात होतं. आतून सईदाबी म्हणाल्या, “तिले पोहणं तुमीच शिकवलं ना? मंग कायले शिकवलं?”

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता, उजेड सरळ खाली पडतो तेव्हा, नुजहत कमरेला ओढणी बांधून उतरली. पाणी हिरवं आणि गार होतं. पुरुषभर खाली गेलो आणि बांधकाम संपलं. दगडांची शेवटची ओळ अधांतरी होती. तिच्याखाली बैलगाडी उभी राहील एवढं भगदाड पडलं होतं. अख्खी विहीर जणू दातांवर उभी होती, आणि खालची हिरडी वाहून गेली होती.

तीन चांगले फोटो घेऊन नंदाबाई तालुक्याच्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी फोटो उलटसुलट करून पाहिले. “हे कोणत्या विहिरीचे आहेत, कसं समजावं बाई? दगड तर सगळीकडे सारखेच.”

बोलणं खोटं नव्हतं. नंदाबाई स्टुडिओत येऊन बाकावर बसल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या. नुजहत धुतलेला रोल उजेडात धरून बघत होती.

“अब्बा, रोलवर कंपनीचे आकडे छापून येतात ना? एक ते छत्तीस?”

“हो.”

“मंग रोल कापायचाच नाई. शाळेच्या पाटीपासून सुरू करते. काठ, मंग पायऱ्या, मंग पाणी. एकाखाली एक. मंधातला एक आकडाबी सुटनार नाई.”

भाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली बसून माझ्या कड्यांना ग्रीस लावू लागले. एक कडी कडक झाली होती, नखाने दाबली तर परत उठत नव्हती. तसली कडी यवतमाळातच काय, नागपुरातही मिळाली नसती. त्यांनी तीच पुन्हा बसवली.

पहिला फोटो शाळेच्या पाटीचा. दुसरा काठावर सिमेंटमध्ये कोरलेल्या तारखेचा. पुढे प्रत्येक लोखंडी पायरीवर थांबून एकेक. पंधराव्या फोटोला आम्ही पाण्यात शिरलो. नुजहत श्वासभर खाली राहायची, दोन-तीन फोटो घ्यायची आणि वर यायची. एकोणतिसाव्या फोटोला माझ्या अंगातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. तिला ती दिसली. माझ्या आत पाणी शिरत होतं.

त्याच क्षणी वर आली असती, तर मी कदाचित वाचलो असतो. पण भगदाडाची पलीकडची बाजू राहिली होती. ती वर गेली, श्वास घेतला, कोणाला काही बोलली नाही आणि पुन्हा खाली आली. असं तीनदा केलं. छत्तिसावा फोटो घेऊन ती वर निघाली.

वर आल्यावर म्हणाली, “अब्बा, पाणी गेलं आत.”

भाईंनी मला डाव्या, चांगल्या कानापाशी धरून हलवलं. आत पाणी डुचमळलं. आखातातलं त्यांचं तेवढंच काय ते उरलं होतं. त्यांनी मला तिच्या हातात परत दिलं.

“रोल वाचव, बेटा,” ते म्हणाले. “याचं मंग पाहू.”

भिजलेली फिल्म वाळली की चिकटते. म्हणून मला तसंच पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलं, आणि ती बादली मांडीवर घेऊन नुजहत एसटीत बसली. कंडक्टरने वाकून पाहिलं. “मासे हायेत काय वो?”

“फोटू हायेत,” ती म्हणाली.

शेवटच्या काही फोटोंच्या कडेला डाग आले, पण आकडे वाचता येत होते. सगळी पट्टी न कापता नंदाबाईंनी साहेबांच्या खिडकीच्या उजेडात धरली. पाटीपासून भगदाडापर्यंत साहेब एकेक आकडा बोटाने मोजत गेले. शेवटाला पोचल्यावर त्यांनी चष्मा काढला. चार दिवसांत विहिरीभोवती काटेरी तार लागली आणि पोरांची हात धुण्याची सोय हापशावर झाली.

जुलैत, शाळेची मधली सुट्टी चालू असताना, विहिरीची पूर्वेची बाजू काठासकट खाली बसली. पोरं ताटं घेऊन तारेपर्यंत धावली आणि तिथेच थांबली.

मी भिजलो तेव्हाच नंदाबाईंनी माझ्यासाठी घरातला सरकी काढलेला कापूस आणला होता. त्या वर्षी घराघरात कापूस पडूनच होता. भाईंनी आठवडाभर मला त्यात गुंडाळून ठेवलं. ओल निघाली, पण शटरचा पडदा गंजून अडकला तो अडकलाच.

विहीर ढासळली त्या आठवड्यात नंदाबाई पुन्हा आल्या. नवं लुगडं नेसून आल्या होत्या. “मले फोटू काढाचा हाय. कागदासाठी नाई. असाच.” नुजहतने दुसरा कॅमेरा उचलला, तशा त्या म्हणाल्या, “थो कुठी हाय? त्यानंच काढ ना माय.”

“तो आता चालत नाई, मावशी.”

नंदाबाईंनी हात पुढे केला. नुजहतने मला कपाटातून काढून त्यांच्या ओंजळीत ठेवलं. त्यांनी मला मांडीवर घेतलं, लेकराला धरावं तसं एक हात खाली आणि एक वर, आणि त्या ताठ बसल्या.

कॅमेऱ्याचा फोटो सहसा कोणी काढत नाही. माझा निघाला. भाई आता नाहीत. नुजहतकडे नवे कॅमेरे आहेत, त्यांत रोल नसतो. मी काचेच्या कपाटात आहे आणि तो फोटो वरच्या भिंतीवर आहे. बाभुळगावला आलात तर जरूर या. मला उघडून बघू नका, आत नुसता गंज आहे. फोटो मात्र जवळ जाऊन बघा. त्यात नंदाबाई हसत नाहीत, कारण नुजहतने त्यांना हलू नका म्हणून सांगितलं होतं. आणि त्यांच्या मांडीवर आहे तो मी.