अठरा आणि एकोणीस नंबरची घरं

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी शाळेच्या रसायन प्रयोगशाळेतल्या बेसिनमध्ये काचेची एक छोटी बरणी पडून फुटली. नळ चालू होता. बरणीत केरोसीनमध्ये बुडवलेले पोटॅशियमचे पाच तुकडे होते. जांभळी ज्योत उठली, स्फोट झाला, खिडकीच्या दोन काचा गेल्या आणि परीक्षानळ्या धूत उभ्या असलेल्या मावशींचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. अकरावीची अठ्ठावीस मुलं वीस मिनिटांनी येणार होती.

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. त्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर सव्वीस वर्षं टांगलेली आवर्तसारणी म्हणजे मीच. ती बरणी बेसिनवरच्या फळीवर ठेवा, असं मावशींना मीच सांगितलं होतं.

माझा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरच्या हातून झाला. छापील तक्ते तेव्हा मिळत, पण मागच्या बाकावरून वाचता येत नसत. म्हणून रसायनशास्त्राच्या सरांनी सहा फुटी कॅनव्हास घेतला आणि मूलद्रव्यांची नावं, चिन्हं आणि अणुवस्तुमानं लिहिलेला कागद पेंटरच्या हातात ठेवला. पहिल्या दिवशी पेंटरने घरं आखली आणि त्यांत ओळीने आकडे घातले. दुसऱ्या दिवशी तो नावं भरायला बसला.

रसायनशास्त्राशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, पण चुकीची पाटी दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही, हा त्याचा बाणा होता. गिऱ्हाइकाने तारीख उलटी लिहून आणली, तर तो विचारत बसत नसे, परस्पर सुलटी करून टाकत असे. अठराव्या घरापाशी तो थबकला. कागदावर आधी आर्गन होता, वजन ३९.९५. त्याच्यानंतर पोटॅशियम, वजन ३९.१०. तोपर्यंत प्रत्येक घरात वजन वाढत आलं होतं. इथेच ते उतरत होतं. सरांची नजरचूक झाली असणार, असं समजून त्याने दोघांची अदलाबदल केली. पुढे कोबाल्ट-निकेल आणि टेल्युरियम-आयोडीन यांची वजनंही अशीच उलटी होती. पण तिथे पोहोचेपर्यंत त्याचे डोळे शिणले होते, त्याने कागद जसाच्या तसा उतरवला.

"सर, तुमच्या कागदात एक गडबड होती," मला न्यायला आलेल्या सरांना तो म्हणाला. "जड आधी आणि हलका नंतर! मी सरळ करून टाकलं. उपकार वगैरे मानू नका."

सर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग हसले.

"अहो, या जोडीने चांगल्या चांगल्या शास्त्रज्ञांची झोप उडवली होती. तुम्ही एका दुपारात तिथे जाऊन पोहोचलात."

"म्हणजे चुकलं?"

"चुकलंय. पण राहू द्या. मला उपयोग आहे."

तो उपयोग काय, ते मला पहिल्या तासाला कळलं. सर मुलांना म्हणाले, "या तक्त्यात दोघं जण परक्या घरात शिरलेत. शोधून काढा. वजन बघू नका, स्वभाव बघा."

मित्रांनो, माझ्या उभ्या रांगेला गण म्हणतात आणि एका गणातली मंडळी वागायला सारखी असतात. अगदी डावीकडच्या रांगेत लिथियम आणि सोडियम. पाणी दिसलं की यांचा तोल सुटतो. अगदी उजवीकडे हेलियम आणि निऑन. हे राजवायू, सहसा कोणाच्या अध्यात ना मध्यात. पेंटरच्या दुरुस्तीने पोटॅशियम जाऊन बसला या शांत मंडळींत आणि आर्गन येऊन पडला सोडियमच्या खाली, भडक डोक्याच्या भावंडांत.

कधी दहा मिनिटं लागत, कधी अख्खा तास. पण दरवर्षी कोणीतरी ओरडेच. एकदा एक मुलगी बाकावरून उठून माझ्यापाशी आली आणि आर्गनवर बोट ठेवून म्हणाली, "सर, हा इथे काय करतोय? हा तर कोणाशी बोलतसुद्धा नाही!" वर्ग हसला. मग सर समजावत, की रांग वजनावर लावलेली नसते. अणूच्या गाभ्यात प्रोटॉन किती, ते मोजून लावलेली असते. त्या संख्येला अणुअंक म्हणतात. आर्गनचे अठरा, पोटॅशियमचे एकोणीस. वजन काहीही म्हणो. माझ्यावर ती चूक नसती, तर एवढी गोष्ट मुलांच्या इतकी लक्षात राहिली असती का, मला शंका आहे. पाहुणे येत तेव्हा सर त्यांना माझ्यासमोर उभं करून म्हणत, "हा आमचा सगळ्यात हुशार तक्ता." मला ते आवडे.

मावशी सतरा वर्षांपूर्वी रुजू झाल्या. खोली झाडणं, नळ्या धुणं आणि बाटल्या जागेवर ठेवणं हे त्यांचं काम. शिक्षण सातवीपर्यंत, पण अक्षर सरांपेक्षा सुरेख. आम्लं आणि क्षार पलीकडच्या खोलीत असत. नुसत्या मूलद्रव्यांसाठी सरांनी त्यांना एक सोपी रीत घालून दिली. माझ्या डाव्या रांगेवर लाल पट्टी होती, उजवीवर हिरवी, मधल्या रांगांवर पिवळी. फळ्यांनाही तेच रंग दिले.

"मावशी, बाटलीवरचं चिन्ह बघायचं, तक्त्यात त्याचं घर शोधायचं, ज्या रंगाचं घर त्या रंगाची फळी. लाल फळी कोरड्या कपाटात. हिरवीवाले गरीब बिचारे, ते बेसिनवर राहिले तरी चालतील."

हिरव्या फळीवर निऑनची एक नळी आणि हेलियमचा एक छोटा डबा होता, बाकी काही नाही. मावशींनी सतरा वर्षांत एकही बाटली चुकीच्या फळीवर ठेवली नाही. पोटॅशियम सरांनी कधी मागवलंच नाही. "सोडियम पुरे आहे. हा त्याच्याहून तापट," असं ते म्हणत.

दोन वर्षांपूर्वी सर निवृत्त झाले. समोरच्या भिंतीवर पडदा आला, त्यावर सारणी रंगीत दिसू लागली, घरांवर बोट ठेवलं की चित्रं हलू लागली. माझ्या अंगावर धूळ बसली. खालची पट्टी एका बाजूने सुटली, ती कोणी लावली नाही. माझ्याकडे रोज बघणारं एकच माणूस उरलं. मावशी.

यंदा नव्या मॅडम आल्या. त्यांना प्रयोगासाठी पोटॅशियम हवं होतं. सोमवारी त्यांनी मोठ्या डब्यातले पाच तुकडे छोट्या बरणीत काढले, बरणीवर मार्करने नुसतं K लिहिलं आणि तास होता म्हणून घाईने जाता जाता म्हणाल्या, "मावशी, हे जागेवर ठेवाल?"

मावशींनी हात पुसले. माझ्यासमोर आल्या, चष्मा वर केला, K शोधला. उजवी रांग, हिरवी पट्टी. मला तोंड असतं तर मी तेव्हा ओरडलो असतो. मंगळवारी वरचा ब्रश काढताना त्यांच्या हाताचा धक्का बरणीला लागला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

बुधवारी मावशींना घरी बसवण्यात आलं. धोकादायक पदार्थ पाण्याजवळ ठेवला, हा निष्काळजीपणा, असं पत्रात लिहिलं होतं. मावशींनी सात ओळींचा जबाब दुसऱ्याकडून लिहून घेऊन दिला. त्याचं सार एकच: मी तक्त्यात बघून ठेवलं.

"तक्ता कसा चुकेल?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

मॅडम माझ्यासमोर आल्या, त्यांनी बोटाने रांगा मोजल्या आणि बोट मध्येच थांबलं. "अगं बाई! हे किती वर्षं असंच आहे?"

त्याच दुपारी मला गुंडाळून मुख्याध्यापिकांच्या खोलीत कपाटामागे उभं केलं. तेव्हापासून मला दिसत नाही, फक्त ऐकू येतं.

गुरुवारी सर आले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. चूक पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, शिकवण्यासाठी मुद्दाम ठेवली होती, हे त्यांनी दीड पान लिहून दिलं आणि वाचून दाखवलं. मग दार वाजलं. मावशी सही करायला आल्या होत्या. डाव्या हाताने केली तर चालेल का, असं त्या विचारत होत्या.

"मावशी, हात कसा आहे?"

"बोटं मिटत नाहीत अजून. मिटतील म्हणतात डॉक्टर." "सर, एक विचारू का? दरवर्षी पोरांना सांगत होतात ना, की यात दोघं चुकीच्या घरात आहेत म्हणून?"

"हो."

"मी तिथेच असायचे. मागे, बेसिनपाशी. नळ्या धूत. नळाच्या आवाजात मला काय ऐकू येणार? वर्ग हसला की मला वाटायचं, सरांनी विनोद केला."

"मावशी..."

"पट्ट्यांचं मला समजावलंत, तेव्हाच सांगितलं असतंत तर? दोन घरं तर होती. लक्षात ठेवली असती मी."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, एवढंच.

मित्रांनो, मी कापडाचा आहे, माझ्यावर जे रंगवाल तेच मी सांगतो. वाचणाऱ्याला त्यातली खोच माहीत आहे की नाही, हे मला कळत नाही. तुमच्या वर्गात, दवाखान्यात, कारखान्यात माझ्यासारखे पुष्कळ तक्ते असतील. वर्षातून एकदा त्यांची धूळ झटका आणि अक्षर न् अक्षर वाचा. एखादी चूक मौजेची म्हणून ठेवायची असेल, तर ती खोलीतल्या प्रत्येकाला सांगा. बाकावर बसणाऱ्याला सांगाल, तसंच फरशी पुसणाऱ्यालाही सांगा.

मावशींना कामावर परत घ्यायचं की नाही, हे शाळा समिती ठरवणार आहे. सरांचा आणि मावशींचा, दोन्ही जबाब समितीकडे गेले आहेत. बैठक सोमवारी दुपारी तीन वाजता होती. दोन सदस्य आले नाहीत म्हणून ती पुढे ढकलली. नवी तारीख अजून कळवलेली नाही.