साडेचार मीटर पाणी

१४ मे २०२५, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. साखऱ्याच्या शिवारातल्या सतरा विहिरींपैकी पहिलीत भूजल संशोधक डॉ. विश्वंभर यांनी मोजपट्टी सोडली आणि सत्यभामाबाईंनी ती काठावरच पायाखाली दाबून धरली.

"पट्टी वर घ्या. इहीर माझी हाय."

"बाई, मोजल्याशिवाय जुना आकडा बदलता येत नाही."

"मागं मोजून काय दिवे लावले? सहा वर्सं टँकर न्हाई. हापिसात गेलं की तुमचाच कागद दाखवतेत."

कागद विश्वंभरांचाच होता. मे २०१९मध्ये त्यांनी याच विहिरी मोजल्या होत्या आणि रोजच्या उपशानंतरही सरासरी साडेचार मीटर पाणी उरते, असा निष्कर्ष काढला होता. त्या शोधनिबंधाच्या जोरावर ते तीन देशांच्या पाणीधोरणाचे सल्लागार झाले. जुलैत नेदरलँड्समधल्या संशोधन केंद्राचे संचालकपद मिळायचे होते. त्याआधी ताज्या मोजणीची पुरवणी हवी होती.

शेताच्या धुऱ्यावर बसलेला बाईंचा दीर मसाजी हसला.

"साहेब, तव्हा डीपी जळाली व्हती. अकरा दिवस गावात एक मोटार चालू न्हवती. उपसलंच न्हाई तर पानी चढनारच की."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुमी काहून इचारलं न्हाई? आमाला वाटलं, एवढा शिकेल मानूस, कान तं आसतीलच."

डॉक्टरांनी पिशवीतून तुलनेसाठी आणलेली २०१९ची वही काढली. मोजणीचे पान उघडले. समासात त्यांच्याच बारीक, सुबक अक्षरात एक ओळ होती. ती त्यांनी दोनदा वाचली आणि वही मिटली.

"काय लिव्हलंय?" बाईंनी विचारले.

"आकडे आहेत."

"आकडे वाचताना तोंड असं व्हत न्हाई. वाचा मोठ्यानं."

त्यांनी वही पुन्हा उघडली. मग वाचले, "मोटारी बंद. परिसर शांत. काम वेळेआधी उरकले."

मसाजीचे हसू थांबले. बाईंनी हात पुढे केला.

"पान द्या."

"हे बाहेर गेलं तर माझी नेमणूक राहणार नाही."

"औंदा मी नऊ शेळ्या इकल्या. पाजायला पानी न्हाई म्हनून. तुमची नेमनूक कुठं पाजू?"

विश्वंभर काठावर बसले. त्या ओळीखाली त्यांनी लिहिले: 'या स्थितीतील पातळी मी उपशानंतरची म्हणून नोंदवली. चूक माझी आहे.' सही केली, तारीख घातली, शिवणीलगत फूटपट्टी धरून पान सरळ फाडले.

बाईंनी ते घेतले, घडी करून कमरेला खोचले.

"आता निघा. च्या मिळनार न्हाई."

ते पान तालुक्याच्या कार्यालयात गेले आणि तिथून बाहेरही. विश्वंभरांना नेदरलँड्सचे नकाराचे पत्र २३ मे रोजी आले. ३१ मे रोजी वस्तीवर पहिला टँकर आला: दहा हजार लिटर.